चालत्या हॉटेलातली एकुलती पाहुणी

माझी नात वकील आहे, पण कोर्टात भांडणारी नव्हे. भांडायची सगळी हौस तिने लहानपणी घरातच फेडून घेतली. ती हॉटेलं विकणाऱ्यांचे नि घेणाऱ्यांचे करार करते. बारा महिने हॉटेलात, आणि सुट्टीचा दिवस एकाही हॉटेलात नाही.

एकदा सकाळी फोन आला. "आजी, आज रात्री इथे हॉटेलात राहायला येतेस?"

"का गं, कुणी पळून गेलं का?"

"गिऱ्हाईकं गेलीत. उद्या सकाळी मालक बदलतोय. करारात कलम आहे, हॉटेल चालतं हवं. म्हणजे त्या वेळी निदान एक तरी माणूस पैसे भरून खोलीत राहिलेलं हवं. नाहीतर घेणारा मागे फिरेल. आणि इथे चिटपाखरू नाही."

"तू आहेस की."

"मला धरत नाहीत. मी विकणाऱ्याची वकील."

"आणि वकिलाची आजी धरतात?"

"विचारलंय मी दोघांना. चालते म्हणाले." मग म्हणाली, "रात्री दोघी मिळून जेवू."

त्या जेवणासाठी मी बसच्या टपावर बसूनसुद्धा गेले असते.

हॉटेल एवढं मोठं, की एका टोकाला शिंकलं तर दुसऱ्या टोकाचा माणूस परवा विचारणार, सर्दी कशी आहे. पण विचारायला माणूस तर हवा. दार मॅनेजरने उघडलं, पिशवी त्यानेच उचलली, आणि संध्याकाळी टोपी घालून सूपही त्यानेच आणलं. ओळख लपवायला मिशी तेवढी लावायची राहिली होती. जेवणघरात पन्नास टेबलं, पांढऱ्या चादरी घालून, जणू सगळी आजारी. माझ्या टेबलावर दोन ताटं.

फोन वाजला. "आजी, कागद अडकलेत. घेणाऱ्याच्या ऑफिसातच बसावं लागणार. तू जेवून घे ना."

मी जेवले नाही. वर गेले, पिशवी भरली, खाली आले. मॅनेजरचा चेहरा त्याच्या टेबलाच्या चादरीसारखा झाला.

"आजी, तुम्ही गेलात तर हॉटेल बंद धरतील हो."

"धरू देत. मला कोण धरतंय?"

नातीला तेच सांगायला फोन लावला. "हो, बोला," म्हणाली. मला, अहोजाहो! मागे चारपाच माणसांचा कालवा. मग खुर्ची सरकल्याचा आवाज आला आणि ती हळूच म्हणाली, "आजी, खोलीतला दिवा लाव ना. इथून हॉटेल दिसतं. अख्खं काळं आहे."

आता काय करता? पिशवी पुन्हा वर. दिवा लावला. तीनदा विझवून पुन्हा लावला. रस्त्यापलीकडच्या इमारतीत कुणीतरी हात हलवला. काच पुसणाराही असेल. मी नातच धरली.

सकाळी ती आली. "झाली विक्री," म्हणाली आणि बुटांसकट माझ्या पलंगावर आडवी झाली. हाक मारली, केसांतून हात फिरवला, हूं की चूं नाही. बूट काढून ठेवले आणि खाली नाश्त्याला गेले. पुन्हा दोन ताटं.

नवा मालक स्वतः टेबलापाशी आला. "आजी, राहणं कसं झालं?"

"सगळं छान हो," मी म्हटलं. "फक्त गर्दी फार होती."