आलेखाची शेपूट

सरांनी स्पष्टच सांगितलं होतं, "शुक्रवारपर्यंत आलेखातले मधल्या तापमानाचे बिंदू जागेवर आले नाहीत, तर यंत्र दुसऱ्याला देतो." दुसरा म्हणजे आमच्या प्रयोगशाळेतला एक विद्यार्थी, ज्याला मी मनातल्या मनात 'खवचट' म्हणायचे. तो लगेच माझ्या भट्टीभोवती घुटमळायला लागला. माझं डोकंच सणकलं. यंत्र गेलं की माझी पीएच.डी. बोंबललीच.

काम तसं सरळ होतं. तापवलेल्या नळीत लेझरच्या झोताने हायड्रॉक्सिल रॅडिकल, म्हणजे दिसेल त्याला चिकटणारे रेणूंचे तुकडे, तयार करायचे, सोबत प्रोपीन वायू सोडायचा आणि रॅडिकल किती वेगाने संपतात ते आलेखावर पाहायचं. गंमत अशी, की तापमान वाढवलं की ही अभिक्रिया मंदावते. आईला फोनवर सांगितलं तर म्हणाली, "काहीतरीच! गरम पाण्यात साखर लवकर विरघळते ना?"

"इथे उलटं आहे, आई."

"मग तुझंच काहीतरी चुकत असणार."

तीनशे अंशांच्या पुढे मात्र बिंदू वाट्टेल तसे उधळत. मी गळती शोधली, सगळे जोड पुन्हा आवळले, वायूची नवी टाकी लावली. हाती भोपळाच आला.

प्रत्येक मोजणीत रॅडिकल संपतील तशी आलेखाची रेघ घसरायची आणि शेवटी जरा लोळायची. ती शेपूट कापून टाकायची, असा सरांचा नियम. तिथे नुसता गोंगाट असतो म्हणे. गुरुवारी वैतागून मी ती कापलीच नाही, उलट जास्त वेळ मोजलं. गोंगाट कसला, रेघ शून्याला जायच्या आधीच चक्क थबकली होती. रॅडिकल प्रोपीनला चिकटत होते आणि उष्णतेने सुटून परत येत होते.

हे खरं असेल, तर आणखी तापवल्यावर चिकटणं जवळपास बादच व्हायला हवं. मग रॅडिकल प्रोपीनचा हायड्रोजन हिसकावणार आणि वेग पुन्हा वाढणार. भट्टी चढवली. वेग वाढला. मी खुर्चीत बसून आनंदाने रडले.

शुक्रवारी सरांपुढे शेपटीसकट आलेख ठेवले. खवचट डोकावला आणि आपल्या टेबलाकडे परतला. सरांनी शेपटीवरून बोट फिरवलं.

"यंत्र तुझंच," ते म्हणाले. मग चष्मा काढून पुसू लागले. "माझ्या प्रबंधाच्या वेळीही याच तापमानाला अशी शेपूट होती. माझ्या सरांनी कापायला लावली."

"मूळ मोजमापं आहेत, सर?"

"घरी माळ्यावर. कधी टाकवली नाहीत."