एका मोटरीवर चाललेलं घर

हे कुणाला खरं वाटणार नाही, पण माझं घर एका रविवारी चर्चच्या दिशेने दोन वीत सरकलं, आणि ते मी सरकवलं.

"भूकंप झाला असेल," शेजारचा आर्सेनिओ डोमिनोच्या सोंगट्या घोळवत म्हणाला.

आम्ही माझ्या ओसरीवर खेळत होतो. माझा साडू एवेलिओ सकाळच्या बसने मातान्सासहून आला होता आणि जेवून, डोळ्यांवर टोपी ओढून, झुलत्या खुर्चीत घोरत होता. तेव्हा सांगायला हरकत नव्हती.

भूकंप कसला, मोटर. रशियन वॉशिंग मशीनमध्ये कपडे पिळायचं वेगळं टिपाड असतं, त्याच्या तळाची. ती जागच्या जागी आहे असं एक घर आमच्या या रेग्ला गावात दाखवा. मी ती काढून पंखा केला. पाती पत्र्याची, बैठक जुन्या टेलिफोनची. सुरू करताना पात्याला बोटाने ढकलावं लागे, एवढंच. पुढे तीच मोटर नारळाच्या किसणीला लावली, मग पाणी वरच्या टाकीत चढवायला. जे नीट चाललंय ते उघडून पाहिल्याशिवाय मला चैन पडत नाही.

तेवढे दिवस माझी बायको सोराइदा चादरी हाताने पिळत होती. एका शनिवारी तिने सुजलेली मनगटं माझ्यासमोर टेबलावर ठेवली.

"उद्या दुपारपर्यंत मोटर मशीनमध्ये हवी, रेमिहिओ. नाहीतर मी ताईकडे चालले मातान्सासला. आणि या खेपेला न्यायला येऊ नकोस."

"लावायची ना मग परत," आर्सेनिओ म्हणाला. "चार तर स्क्रू."

"आणि पंखा? पाणी? चार स्क्रू पिळायला काय, कुणीही पिळेल."

मी एकाच मोटरीवर सगळं घर चालवायचं ठरवलं. सायकलच्या ट्यूबा कापून पट्टा केला. तो कमी पडला तिथे सोराइदाचे लांब मोजे जोडले. मोटर पुन्हा पंख्यात बसवली. पट्टा स्वयंपाकघरातल्या त्या पंख्यापासून निघे, किसणीवरून मोरीत उतरे आणि मागच्या अंगणातल्या टिपाडाला फिरवून परत येई. रविवारी बारा वाजता सोराइदा पिशवी भरून दारात उभी, आणि मी पात्याला बोट लावलं.

"लावलंस," आर्सेनिओ म्हणाला. "पुढे?"

सगळं एकदम फिरलं. पाणी चढलं, नारळ किसला गेला, चादरी अशा पिळून निघाल्या की घडी घालायचं कामच राहिलं नाही. फक्त पट्टा जरा ताठ बसला होता. त्याने मागची भिंत पुढच्या भिंतीकडे ओढली, पुढची भिंत जाणार कुठे, ती रस्त्यावर सरकली. दोन वीत. पाद्रीबुवा बघायला आले होते.

"मी इथे पन्नास वर्षं राहतोय," आर्सेनिओ म्हणाला. "घर होतं तिथेच आहे."

"संध्याकाळी मी पट्टा उलटा फिरवला."

त्याने दुहेरी नऊची सोंगटी टेबलावर आपटली. "बरं. आणि सोराइदा?"

"तिने पिशवी खाली ठेवली. म्हणाली, रेमिहिओ, तुझ्यासारखा कारागीर नाही. आणि राहिली."

मागच्या अंगणात टिपाड फिरत होतं, त्याची घरघर ओसरीपर्यंत येत होती. खुर्चीचं झुलणं थांबलं. टोपी जागची हलली नाही, पण तिच्याखालून एवेलिओ बोलला.

"पिशवी तिने आमच्या दारात ठेवली, मातान्सासला, त्याच रविवारी, चारच्या बसने येऊन. मोटर पिशवीत होती. तुझ्याच पान्याने तिने ती पंख्यातून काढली होती आणि आमच्या मशीनला स्वतः बसवली. चार महिने आमचे कपडे त्या मोटरीवर पिळले, साडू. तू पात्याला बोट लावलंस म्हणतोस, ते फिरलं कशावर?"