‘नाही’ झाकलेली पाटी

मी एक जुनी पत्र्याची पाटी आहे. विजेच्या वस्तूंच्या दुकानात, काउंटरच्या मागे, खिळ्याला टांगलेली असते. पिवळ्या अंगावर लाल अक्षरांत एकच ओळ आहे : ‘विकलेला माल परत घेतला जाणार नाही’. मित्रांनो, या एका ओळीवर मी आयुष्यभर भाव खाल्ला.

मला रंगवणारा पेंटर सरळ माणूस होता. शेवटच्या शब्दापाशी तो थांबला आणि मालकाला म्हणाला, “वस्तू खराब निघाली तर परत घ्यावीच लागते. असली पाटी कायद्यात बसत नाही.”

“कायदा कोण वाचतंय?” मालक म्हणाला. “लोक पाटी वाचतात. तू ‘नाही’ जरा ठळक काढ.”

पेंटरने तो ठळक काढला आणि मी कामाला लागले. बंद पडलेल्या इस्त्र्या, न तापणारे हीटर घेऊन माणसे तावातावाने येत. मालक तोंडाने काही बोलत नसे, नुसता अंगठा मागे करी. माणसे मला वाचत आणि मुकाट्याने पायऱ्या उतरत. माझ्यात काडीचा दम नाही हे एकालाही कळत नसे, याची मला मोठी गंमत वाटे. मालक दर आठवड्याला मला ओल्या फडक्याने पुसायचा. एवढे लाड त्याने बायकोचेही केले नसतील.

मग एका वर्षी त्याने शेजारच्या खिळ्याला कॅलेंडर अडकवले आणि माझा ‘नाही’ त्याखाली झाकला गेला. आधी ते चुकून झाले होते. पण गिऱ्हाइके ‘विकलेला माल परत घेतला जाणार’ एवढेच वाचून निर्धास्त खरेदी करतात, हे ध्यानात आल्यावर त्याने कॅलेंडर तिथेच राहू दिले.

त्याच वर्षी शिवणकाम करणारी एक बाई आली. तिची आई वरच्या खोलीत अंथरुणाला खिळलेली आणि हिचे मशीन खाली. तिला बिनतारी बेल हवी होती. बटण आईच्या उशाशी, बेल मशीनजवळ. “आणि नाही वाजली तर?” तिने विचारले. मालकाने अंगठा मागे केला. मला वाचून तिचा जीव भांड्यात पडला.

चौथ्या दिवशी ती खोका आणि पावती घेऊन हजर. “कधी वाजते, कधी नाही. आई दाबून दाबून थकते हो. बदलून द्या.”

मालकाने काउंटरवरच बटण दाबले. बेल वाजली. पुन्हा दाबले, पुन्हा वाजली. “ठणठणीत आहे की, ताई. आईंना म्हणावं, जरा खाऊन-पिऊन ताकद कमवा, मग दाबा.” बल्ब घ्यायला आलेले दोघे हसले.

“पाटीवर तुम्हीच लिहिलंय,” ती म्हणाली.

मालकाने एका बोटाने कॅलेंडर उचलले. “पुढचं वाचायचं राहिलं वाटतं.”

पावती तिच्या हातातच होती. ‘तक्रार लिहून घ्या, नाहीतर मी ग्राहक मंचात जाते’ एवढे ती म्हणाली असती, तर मालकाला घाम फुटला असता. पण माझा ‘नाही’ वाचून ती निघून गेली. मला वाईट वाटले का? नाही, मित्रांनो. मला अभिमान वाटला.

पंधरा दिवसांनी ती पुन्हा आली आणि तिने खोका काउंटरवर ठेवला. “मी खाली शिवत होते. बेल वाजली नाही, म्हटलं झोपली असेल. संध्याकाळी वर गेले तर आई जमिनीवर पडलेली, गार. एका हातात रिकामा पेला, एका हातात हे बटण.” खोका मालकाकडे सरकवत ती म्हणाली, “पैसे नकोत मला. ही दुसऱ्या कुणाला विकू नका, एवढंच सांगायला आले.”

ती गेल्यावर मालकाने बटण फडक्याने पुसले, खोक्यावर नवी चिकटपट्टी लावली आणि तो फळीवर ठेवून दिला. माझ्या उभ्या जन्मात परत घेतलेला तो पहिला माल. त्या दिवशी मला माझीच लाज वाटली, पण पत्र्याला तोंड कुठले?

काल एक गृहस्थ तीच बेल घेऊन गेले. त्यांच्या पत्नीला खाटेवरून उठवत नाही. मित्रांनो, ते तुमच्या ओळखीचे असतील तर त्यांना गाठा. म्हणावे, पावती जपा, बेल आजच परत आणा, लेखी तक्रार द्या, आणि पाटीकडे बघूसुद्धा नका.