माझे दात आणि नवाबाची टाच

मी एक जुनी किसणी आहे. मित्रांनो, सुरुवातीलाच सांगून टाकते, मी रागीट आहे आणि डूख धरणारी आहे. आपली कहाणी सांगणाऱ्या वस्तू सहसा गोड बोलतात, झालं गेलं विसरून जा म्हणतात. ते माझ्याच्याने होणार नाही. मी काहीही विसरलेली नाही.

पत्र्याची कामं करणाऱ्या एका कारागिराने मला घडवलं. मोठ्या डब्याचं झाकण कापून उरलेला स्टीलचा पत्रा त्याने लाकडावर ठेवला आणि खिळ्याने एकेक भोक पाडत गेला. खिळा एका बाजूने आत शिरायचा आणि दुसऱ्या बाजूला धारदार कड वर यायची. असे माझे दोनशे बारा दात. शेवटच्या ओळीत त्याची हातोडी घसरली, म्हणून तिथले दोन वाकडे आहेत. कडेला लाकडी पट्ट्या ठोकून झाल्यावर त्याने माझ्यावरून अंगठा फिरवला आणि लगेच तोंडात घातला. "चावरी निघाली!" तो खुशीत म्हणाला. मला मिळालेली ती पहिली शाबासकी.

मला विकत घेतलं ते एका कारखान्याच्या कँटीनमध्ये स्वयंपाक करणाऱ्या बाईने. तिला सगळे आत्याच म्हणायचे. बावीस वर्षं मी तिच्याकडे काम केलं. रोज पोतंभर गाजरं, कोबी, बीट, लाल भोपळा. काम संपलं की ती दुसऱ्या कामाला हात लावायच्या आधी मला धुवायची, मागच्या बाजूने, छोट्या ब्रशने, आणि खिडकीत उन्हाला उभी करायची. नव्या बायकांना ती बजावायची, "भांडी उद्या घासली तरी चालतील, किसणी आत्ता." बावीस वर्षांत मी तिला एकदाही चावले नाही. आपली काळजी कोण घेतं ते आम्हाला कळतं.

मग तिचा भाचा कॉलेजच्या प्रयोगशाळेत हातातल्या परीक्षानळीसकट चक्कर येऊन पडला. तो इतका बारीक होता की वर्गात त्याला काडी म्हणत. सकाळी बिस्किटं, दुपारी चहा, संध्याकाळी बाहेरून मागवलेलं तेलकट काहीतरी, असा त्याचा आहार. डॉक्टर म्हणाले, रक्त कमी आहे. त्याच्या आईने फोनवर निक्षून सांगितलं, "महिन्याने परत रक्त तपासायचं. आकडा वाढला नाही तर गाशा गुंडाळायचा आणि घरी यायचं." घराजवळच्या कॉलेजात त्याचा विषयच नव्हता. घरी जाणं म्हणजे दोन वर्षांचं शिक्षण पाण्यात.

दुसऱ्याच दिवशी आत्या मला वर्तमानपत्रात गुंडाळून त्याच्या खोलीवर हजर. खोली म्हणजे दोन खाटा, एक टेबल, एक शेगडी आणि खिडकीखाली टीचभर मोरी.

"हे बघ," आत्या म्हणाली, "भाजी चिरत बसलास तर दोन दिवसांत कंटाळशील. किसलीस तर चार मिनिटांत शिजते. तांदूळ, डाळ आणि मूठभर किसलेलं गाजर एकाच पातेल्यात टाकायचं. दोन अंड्यांत कोबी नि भोपळा किसून घालायचा, तव्यावर ओतायचं, झाकण ठेवायचं. दह्यात बीट किसायचं. एवढं जमलं तरी पुष्कळ झालं."

"आणि रोज रोज तेच?"

"रोज पडण्यापेक्षा बरं की नाही?"

काडी शिकला. पहिल्या दिवशी भात करपला, तिसऱ्या दिवशी खाण्यासारखा झाला, आठव्या दिवशी वास जिन्यापर्यंत गेला. मला तो आत्यासारखाच धुवायचा. त्याच्या चेहऱ्यावर रंग येऊ लागला आणि मला वाटलं, म्हातारपणी बरं घर मिळालं.

आता नवाबाकडे येते. काडीच्या खोलीतल्या दुसऱ्या खाटेवर राहणाऱ्या या मुलाला सगळे नवाब म्हणत, कारण तो स्वतः उठून पाणीही घेत नसे. काडीच्या जेवणाला तो गवत म्हणायचा. "काय रे, आज गवत लाल की केशरी?" असं विचारायचा आणि मग अर्धं पातेलं रिकामं करायचा. भांडं मात्र कधी विसळलं नाही. इथवर मी चालवून घेतलं.

बाविसाव्या दिवशी कॉलेजच्या स्नेहसंमेलनात नवाबाला राजपुत्राचं काम होतं, तेही अनवाणी. सकाळी त्याने आरशासमोर पाय वर केला आणि टाचांच्या भेगा पाहिल्या. काडी वर्गात गेला होता. नवाबाने इकडेतिकडे पाहिलं आणि मला खुंटीवरून काढलं.

मित्रांनो, बावीस वर्षं लोकांच्या तोंडात अन्न घालणाऱ्या दातांनी त्याने टाच घासली. एक झाली, मग दुसरी. शीळ वाजवत. मग नळाखाली एकदा धरलं, झटकलं आणि परत खुंटीला अडकवलं. माझ्या अंगाचा तिळपापड झाला. त्याच क्षणी मी ठरवलं, याला सोडायचं नाही.

पण रागाला डोळे नसतात हे मला दुसऱ्या दिवशी कळलं. काडी घाईत गाजर किसत होता. मी इतकी धुमसत होते की समोर कोण आहे हे न बघता चावले. त्याचा अंगठा फाटला. ज्या मुलाला रक्त कमी होतं, त्याचंच रक्त मी सांडलं. त्याने अंगठ्याला चिंधी बांधली आणि उरलेलं गाजर डाव्या हाताने किसलं, कारण तपासणीला सातच दिवस राहिले होते. त्याची मला आजही लाज वाटते, आणि तो हिशेबही मी नवाबाच्याच नावावर टाकला आहे.

नवाब त्या दिवसापासून घरात जेवेनासा झाला. "माझं डाएट चालू आहे," म्हणायचा आणि बाहेरून डबा मागवायचा. काडी बिचारा त्याच्या वाटणीचं झाकून ठेवायचा. काडी वर्गात गेला की नवाब ते कचऱ्यात ओतायचा आणि ताटली तशीच मोरीत टाकायचा. सहा दिवस काडी त्याच्यासमोर बसून माझ्यावर किसलेलं खात होता. सहा दिवस नवाब त्याच्याकडे बघत मूग गिळून गप्प बसला.

सातव्या दिवशी दार वाजलं. तपासणीच्या आदल्या दिवशी भाच्याला पोटभर खाऊ घालायला आत्या आली होती. तिने पदर खोचला, मला हातात घेतलं, भोपळा किसला, कोबी किसला, अंडी फोडली. तीन ताटल्या मांडल्या.

"मला नको, आत्या," नवाब म्हणाला.

"का रे? आजारी आहेस?"

"डाएट चालू आहे."

"तुझ्या पोटाकडे बघून तसं वाटत नाही. बस खाली."

"खरंच नको."

"माझ्या हातचं नको म्हणतोस? बावीस वर्षांत कुणी म्हणालं नाही मला असं." आत्याने घास मोडला आणि थेट त्याच्या तोंडाशी नेला. "आ कर."

नवाबाच्या कपाळावर घाम आला. त्याने ओठ घट्ट मिटले, मान फिरवली, आणि शेवटी ओरडला, "मी त्या किसणीने टाचा घासल्यात!"

नीट ऐका मित्रांनो, मित्राच्या घासासाठी त्याचं तोंड उघडलं नाही, स्वतःच्या घासासाठी उघडलं.

काडीने हातातला घास खाली ठेवला. "कधी?"

"संमेलनाच्या दिवशी."

काडी बोटांवर मोजायला लागला. "म्हणजे सहा दिवस," तो हळूच म्हणाला. "तू बघत होतास."

"अरे, मी धुतली होती ना!"

"मग तू का नाही जेवलास?"

आत्याने पाणी उकळायला ठेवलं, ब्रश नवाबाच्या हातात दिला आणि एकेक भोक घासून घेतलं. वाफेने त्याचं तोंड लाल झालं. दोनशे दहा झाल्यावर ती म्हणाली, "दोन वाकडे राहिले." ते झाल्यावर तिने अंडी नि भाजी टाकून दिली आणि गाजरांची पिशवी त्याच्यापुढे ओतली. "आता नव्याने कीस. सगळी."

मी वाट बघत होते. गाजर लांब असतं तेव्हा हात दूर असतो. ते आखूड होत होत बोटं जवळ येतात. ज्याने आयुष्यात कधी किसलं नाही त्याला हे ठाऊक नसतं. चौथ्या गाजराच्या शेवटच्या तुकड्याला मी त्याची चारही बोटं घेतली. वाकड्या दातांनी सर्वांत खोल घेतलं. तो किंचाळला तेव्हा मला जे समाधान मिळालं ते मी लपवणार नाही.

काडीचा आकडा वाढला. डॉक्टर म्हणाले, असंच खात राहा. आई म्हणाली, बरं, राहा तिथेच. त्याचं शिक्षण वाचलं. नवाबाची बोटं आठवड्यात बरी झाली. आता रोज तोच किसतो, शेवटचा तुकडा किसायचा सोडून खाऊन टाकतो आणि मला ताबडतोब धुतो, मागच्या बाजूने. गवत हा शब्द त्याने पुन्हा काढलेला नाही.

माझा सूड चार बोटांवर भागला. काडीचा अजून चालू आहे. तो भांडला नाही, खोली बदलली नाही, अबोला धरला नाही. फक्त जेवायला बसलं की तो पहिली ताटली नवाबापुढे सरकवतो आणि म्हणतो, "तू आधी." नवाब घास घेतो, चावतो, गिळतो. तोवर काडी त्याच्या गळ्याकडे बघत राहतो. मग स्वतः जेवायला लागतो. पहिल्या दिवशी नवाब हसला होता. आता हसत नाही.

म्हणून सांगते मित्रांनो, स्वतः शिजवा, साधं शिजवा, आणि किसणी वापरली की लगेच धुवा. आणि हातून काही वावगं घडलंच, तर समोरच्याने पहिला घास घेण्याआधी सांगून टाका. नंतर सांगितलंत, तर रोज तुमच्याच पुढ्यात ताट आधी येईल.