हिरवं शिखर

देवरे सरांनी माझ्या हातांवर खापर फोडलं, म्हणून मी कोरी काच मोजली. रागाच्या भरात मोजली. संशोधनात राग मध्ये आणू नये म्हणतात. म्हणणाऱ्यांना देवरे सर गाइड म्हणून मिळाले नसणार.

पण आधीचं सांगायला हवं. मी नाशिकच्या एका कॉलेजात भौतिकशास्त्रात पीएच.डी. करते. काचेच्या पट्टीवर झिंक ऑक्साइडचा पातळ थर चढवायचा, त्यावर अतिनील प्रकाश सोडायचा आणि तो थर उलट कुठला उजेड देतो ते मोजायचं, हे माझं काम. झिंक ऑक्साइड हा अर्धवाहक. त्याने दिलेल्या उजेडाचा आलेख संगणकाच्या पडद्यावर येतो, त्यात शिखरं असतात, आणि शिखर कुठल्या रंगाच्या जागी आलं यावरून थराच्या आत काय चाललंय ते कळतं. माझ्या थराचं शिखर अतिनीलमध्ये येतं. तो उजेड डोळ्यांना दिसत नाही आणि पडद्यावरचं शिखरही बुटकंच असतं. पण ते टोकदार आहे, म्हणजे थर चांगला जमलाय. ते तसं टोकदार करण्यासाठी मी भट्टीपुढे उन्हाळेच्या उन्हाळे काढलेत. सरांना त्याचं कधी काही वाटलं नाही. "हे सगळ्यांनाच मिळतं गं," म्हणायचे.

दसऱ्याची सुटी संपल्यावर मी थरात थोडं तांबं मिसळून नवा नमुना केला आणि पडद्यावर हिरव्या रंगाच्या जागी एक शिखर उभं राहिलं. भलंमोठं. सर खुर्चीतून उठलेच. "तांबं, हर्षाली! तांब्याने केलं हे!"

"सर, तांबं नसलेला जुना नमुना परत एकदा मोजून घेऊ या का? म्हणजे खात्री होईल."

"तो सुटीआधी मोजलाय की. त्यात हिरवं काही नव्हतं. उगाच वेळ घालवू नकोस."

चहा पिऊन होईपर्यंत झालं असतं ते काम. तेवढा वेळ सरांकडे नव्हता. पेपरवाल्यांना द्यायला मात्र अख्खी दुपार होती. शोधनिबंध घाईघाईने गेला, हल्ली काही मासिकं छापतातही तेवढ्याच घाईने, आणि पहिलं नाव माझं लागलं. पेपरात बातमी आली, नाशिकच्या प्रयोगशाळेत स्वस्त हिरव्या दिव्याचा शोध. फोटोत सर, यंत्र आणि कडेला माझं कोपर. माझी आई, मालनबाई, पंचवटीत फुलं विकते. तिने ते कोपर कापून देवघराशेजारी चिकटवलं आणि झेंडू घ्यायला येणाऱ्या प्रत्येकाला माझा शोध ऐकवायला लागली.

दिवाळीनंतर शिखर उतरायला लागलं. तोच नमुना, तेच यंत्र, पण दर वेळी मोजावं तर आधीपेक्षा खाली. मी नवे नमुने केले. तेही खालीच. आणि नेमकी त्याच वेळी तज्ज्ञांची समिती आमची प्रयोगशाळा बघायला यायची ठरली. समिती खूश झाली तर विभागाला संशोधन केंद्राचा दर्जा मिळणार होता आणि सर त्याचे प्रमुख होणार होते.

"तुझा हात बिघडलाय," सर सगळ्यांसमोर म्हणाले. "घरी लग्नाबिग्नाचं बघतायत का? मुलींचं लक्ष उडतं मग."

माझ्या तळपायाची आग मस्तकात गेली. त्याच तिरमिरीत मी यंत्रापाशी गेले आणि नमुन्याच्या जागी कोरी काच लावली. थर नाही, तांबं नाही, झिंक नाही. दोष माझ्या हाताचा असेल तर माझा हात न लागलेली काच काय दाखवते ते तरी बघू. बटण दाबलं. हिरवं शिखर आलं.

मी नुसती बघत राहिले. आधी हसू आलं, मग राग आला. काच रिकामी, म्हणजे उजेड होल्डरमधून येत होता. होल्डर म्हणजे यंत्राच्या आतली धातूची चिमुकली चौकट, काच तिच्यात अडकवतात. तो काढला, दिवे घालवले आणि खोट्या नोटा ओळखायचा अतिनील टॉर्च त्यावर धरला. होल्डर पिवळट हिरवा झळाळला. स्क्रूच्या खाचेत सगळ्यात जास्त. टाचणीने खाच कोरली तर टोकाला पिवळं काहीतरी लागलं. ते काय आहे हे ओळखायला यंत्र लागत नाही, मराठी घरात जन्म घेतला की पुरतं. हळद होती ती.

खंडेनवमीला आमच्या विभागात यंत्रांची पूजा होते. त्याबद्दल माझी काही तक्रार नाही. आमच्या मखमलाबादच्या घरी ट्रॅक्टरची होते, फवारणीच्या पंपाची होते, आईच्या तराजूची होते. त्या दिवशी विभागातला झेंडूसुद्धा आमच्या शेतातला होता. सरांनी सगळ्या यंत्रांना हळदकुंकू वाहिलं आणि या यंत्राचं झाकण उघडून आतल्या होल्डरवरही हळदीची बोटं ओढली. "खरं काम तर इथे होतं," म्हणाले. सुटीनंतर ललितने होल्डर स्पिरिटने पुसला. ललित कळवणचा, सरांकडेच पीएच.डी. करतो. आता हळदीचा रंग ज्या रेणूमुळे असतो तो कर्क्युमिन स्पिरिटमध्ये झटकन विरघळतो. म्हणजे ललितने हळद पुसली नव्हती, सारवली होती.

तरी मी खात्री केली, कारण माझ्याकडे तेवढा वेळ होता. यंत्राला अतिनीलऐवजी निळा प्रकाश सोडायला लावला. निळ्या प्रकाशाला झिंक ऑक्साइड दाद देत नाही, हळदीचा रेणू देतो. शिखर आधीपेक्षा उंच गेलं. ते दिवसेंदिवस का उतरत होतं तेही कळलं. हळदीचा डाग उन्हात टाकला की उडतो, आणि आमच्या यंत्राचा दिवा उन्हापेक्षा कडक आहे. माझ्या हाताला काहीही झालेलं नव्हतं.

दोन्ही आलेख घेऊन सरांच्या केबिनमध्ये गेले. त्यांनी शेवटपर्यंत ऐकलं, मग उठून दार लावलं.

"हळद," ते म्हणाले. "म्हणजे तू पूजेवर बोट ठेवतेस."

"पूजेवर नाही सर. होल्डरवर."

"तुम्हा मुलांना देवधर्माचं वावडं झालंय."

"सर, झेंडू माझ्या घरचा होता."

"हे बघ, मला हे पटलेलं नाही. कोरी काच म्हणून तू काय लावलंस कुणास ठाऊक. निबंध छापून आलाय, समिती येतेय. आता मागे घ्यायचा म्हणतेस?"

"पहिलं नाव माझं आहे. खोट्या आलेखावर माझं नाव आहे, सर."

"नाव मी घातलं म्हणून आहे. आणि प्रबंधावर सहीही मीच करायची आहे." त्यांनी आलेख माझ्याकडे सरकवले. "विचार कर. हुशार आहेस."

हुशार! मला ओरडावंसं वाटलं. ओरडले नाही, बाहेर आले. बाहेर ललित उभा होता, त्याने सगळं ऐकलं होतं.

"जाऊ दे ना हर्षाली," तो म्हणाला. "माझ्या प्रबंधाचं अख्खं प्रकरण त्या शिखरावर उभं हाय. समिती येऊन जाऊ दे, मग बघू."

"मग म्हणजे कधी?"

"सह्या झाल्यावर." एवढं बोलून तो बूट बघत राहिला.

घरी जाऊन आधी भिंतीवरचं कात्रण ओढलं. आई स्वयंपाकघरातून धावत आली. "अगं, फाडती कशाला?"

"खोटं आहे ते."

"कोण म्हनतं?"

"मी म्हणते."

तिला सगळं सांगितलं. हळदीचं ऐकून ती आधी हसली, मग सहीचं ऐकल्यावर तिने माझा हात धरला. "सही होईस्तोवर गप ऱ्हाय बाई," ती म्हणाली. "इतकी वर्सं घातली, आता थोडक्यासाठी तोंड नको वाजवू. तुझा बाप लय लोकांना सांगून बसलाय."

मी ताट ढकलून उठले. आईचा राग आला, कारण तिचं म्हणणं मला पटत होतं.

दुसऱ्या दिवशी मी शेपूट घातली, दुसरा शब्द नाही. सरांना म्हटलं, निबंधाबद्दल मी आत्ता काही बोलत नाही. पण होल्डर स्वच्छ करते आणि समितीला माझं अतिनील शिखर दाखवते. तेवढं खरं आहे. सर "बरं" म्हणाले. मी होल्डर ॲसिटोनमध्ये बुडवून बुडवून धुतला. टॉर्चखाली तो काळा दिसला. मोजला तर हिरव्याच्या जागी सपाट रेघ आली. बाहेर येऊन मी चहा घेतला आणि स्वतःला समजावलं की असं चालतं, सगळीकडे चालतं, निबंधाचं काय ते सही झाल्यावर बघता येईल.

समितीच्या दिवशी मी लवकर पोचले. प्रयोगशाळेचं दार उघडं होतं. सर यंत्रापुढे उभे होते, झाकण उघडलेलं, हातात स्टीलची वाटी. मी दारातच थांबले. त्यांनी वाटीत बोट बुडवलं, होल्डरवर ओढलं, मग कापसावर स्पिरिट घेऊन ते हळूहळू, कडेकडेने, सगळीकडे सारखं पसरवलं. कुंकू नव्हतं, फूल नव्हतं, उदबत्ती नव्हती. नुसती हळद.

मला बघून ते दचकले नाहीत. "शुभ काम आहे," म्हणाले आणि वाटी खिशातल्या रुमालाने झाकली.

मला इतके दिवस वाटत होतं की सरांना पटलेलं नाही. चांगलं पटलं होतं. हळद किती लावायची आणि पुसायची कशी, इथवर पटलं होतं. आणि मला काय म्हणाले होते? देवधर्माचं वावडं! पूजेचा एवढा अपमान मी आजवर कुणाला करताना पाहिलेलं नाही. मी शेपूट घातली होती ती या माणसासाठी, त्याच्या या वाटीसाठी. मला त्याची किळस आली आणि स्वतःचीही आली.

समिती आली. प्रमुख पुण्याच्या एक बाई होत्या, केस बारीक कापलेल्या, कमी बोलणाऱ्या. सरांनी तांब्याची आणि हिरव्या दिव्याची सगळी कथा रंगवून सांगितली. ललित मागे उभा राहून माना डोलवत होता. मग सर माझ्याकडे वळून म्हणाले, "हर्षाली, लाव नमुना."

माझा थर पारदर्शक असतो. कोरी काच आणि थर दिलेली काच बाहेरच्या माणसाला सारखीच दिसते. मी काच लावली, झाकण बंद केलं, बटण दाबलं. शिखर चढत गेलं, चढत चढत पडद्याच्या वरच्या कडेला टेकलं. एवढं उंच ते दसऱ्यानंतरही आलं नव्हतं. सरांनी हात पसरले. "बघा!"

"सर, ही कोरी काच आहे," मी म्हटलं. "नमुना लावलेला नाही."

सर हसले. "ती जरा घाबरलीय. चुकून..."

"चुकून नाही." मी डबीतला नमुना काढून बाईंपुढे धरला. "नमुना हा आहे. तो उजेड हळदीचा आहे, मॅडम. होल्डरवर हळद आहे. निबंधात छापलाय तोही हळदीचाच. त्या निबंधावर पहिलं नाव माझं आहे आणि तो मला मागे घ्यायचाय."

"हर्षाली, बाहेर जा," सर म्हणाले.

"थांबा," बाई म्हणाल्या. त्यांनी स्वतः झाकण उघडलं, होल्डर काढून नाकाशी नेला आणि हुंगला. मग सरांच्या उजव्या हाताकडे पाहिलं. पिवळं बोट सरांनी मुठीत घेतलं, पण उशिरा. बाई माझ्याकडे वळल्या. मला विचारलं, "मग तुझा नमुना काय दाखवतो?"

मी होल्डर ॲसिटोनने धुतला. सगळे थांबून राहिले. सर खिडकीशी गेले आणि आमच्याकडे पाठ करून उभे राहिले. सही गेली हे मला कळत होतं, केंद्र गेलं, ललितचं प्रकरण गेलं, उद्यापासून या इमारतीत माझ्याशी कुणी बोलणार नाही. धुताना रडत होते आणि रडतेय याचाही राग येत होता.

मग नमुना लावला. हिरव्याच्या जागी काही आलं नाही. अतिनीलमध्ये माझं शिखर आलं, बुटकं, टोकदार. बाईंनी खुर्ची ओढली, चष्मा लावला आणि पडद्याजवळ वाकून बसल्या.

"हे एवढं टोकदार कसं केलंस?" त्यांनी विचारलं.

इतक्या वर्षांत हा प्रश्न मला कुणी विचारला नव्हता. मी डोळे पुसले आणि भट्टीपासून सांगायला सुरुवात केली.