उलट्या अक्षरांचा मथळा

मी एक जुना लाकडी मथळा आहे. मित्रांनो, तुम्ही मला पाहिलंत तर दार अडवायचा ठोकळा समजाल. तसं मला दोन वर्षं लावलंही होतं.

माझ्या अंगावर सहा इंग्रजी अक्षरं कोरलेली आहेत, आरशात दिसावीत तशी उलटी: स्ट्राइक. ओहायोतल्या टॅनर्स फोर्ड गावच्या साप्ताहिकात हा शब्द इतक्यांदा लागायचा, की छपाईचे खिळे, म्हणजे शिशाची सुटी अक्षरं जुळवणाऱ्या लाइल ग्रुबरने तो मेपलच्या लाकडाच्या एकाच तुकड्यात कोरून घेतला. दर बुधवारी तो मला फडक्याने पुसून छपाईच्या चौकटीत बसवी. गुरुवारी गाव मला वाची.

इंग्रजीत हा एकच शब्द ढीगभर गोष्टींना चालतो. बेसबॉलमध्ये गावच्या पोराने चेंडू हुकवला, की मी. डॉटीच्या बोलिंगघरात एका गोळ्यात दहाच्या दहा लाकडी बाटल्या आडव्या झाल्या, की मी. म्हणजे काहीच लागलं नाही तरी मी आणि सगळंच पडलं तरी मीच. चर्चच्या कळसावर वीज कोसळली, मी. हार्लनच्या घेवड्याच्या शेतात खनिज तेल लागलं, मी. पुढच्या आठवड्यात ते त्याच्याच ट्रॅक्टरमधून गळलेलं निघालं, तेव्हा मला सुट्टी. दूरच्या एका देशावर आमच्या विमानांनी बॉम्ब टाकले, तेव्हाही मीच. मला काही वाटलं नाही. शाई तीच, दाब तोच. लाइलने मात्र त्या दिवशी मला दोनदा पुसलं.

मग एका जानेवारीत मालक-संपादक मिस्टर पेनरोज यांनी फोटो काढून अक्षरं उमटवणारं यंत्र मागवलं. यंत्र आलं की लाइल आणि त्याचे दोन सोबती घरी बसणार. तिघे संपावर गेले (इंग्रजीत संपही मीच), पाट्या धरून छापखान्याच्या दाराशी उभे राहिले. पाट्यांवर बर्फ साचल्यामुळे त्या कोणाला वाचता येत नव्हत्या. जाणारे-येणारे हात हलवून पुढे जात.

युनियनचा नियम असा, की बाहेरच्याने खिळ्यांना बोट लावायचं नाही. मालकानेही नाही.

पेनरोज दारात आले. "लाइल, तुमची बातमी पहिल्या पानावर घेतोय."

"घ्या की."

"जुळवणार कोण?"

"मी नाही बुवा. मी संपावर आहे."

"मग मीच जुळवतो."

"बोट तर लावून बघा, मिस्टर पेनरोज! दोन राज्यांतले छापखाने बंद पडतील."

"अरे गाढवा, मग गावाला कळणार कसं?"

"तोच विचार करतोय," लाइल म्हणाला. "पाच मिनिटं आत येऊन जुळवून दिली असती. पण मग संप मोडला. बातमीच खोटी."

पेनरोजनी मान हलवली. खोटी बातमी त्यांना चालत नसे.  मग त्यांनी आतून कॉफी आणून दिली.

त्या गुरुवारी अंक निघाला नाही. गावाला वाटलं, बर्फामुळे उशीर झाला असेल. पुढच्या गुरुवारीही बर्फ होताच. विचारायला कोणी आलं नाही. मी चौकटीशेजारी कोरडा पडून होतो.

चौथ्या आठवड्यात यंत्र आलं. यंत्रात खिळेच नव्हते, त्यामुळे नियमही नव्हता. त्याने छापलेला पहिला मथळा संपाचाच होता. लाइलने तो बाहेर उभं राहून वाचला. त्यात मी नव्हतो. बातमीत लाइलही नव्हता. 'काही कामगार' होते. आणि त्यांच्या जागा आता उरल्या नव्हत्या.

मी दोन वर्षं दार अडवलं. मग डॉटीने मला पेनरोजकडून मागून नेलं आणि बोलिंगघराच्या भिंतीवर ठोकलं.

"डॉटी, ही कुठली भाषा गं?" गिऱ्हाइकं विचारतात.

"फिनलंडची असेल."

लाइल आता शाळेतल्या फरश्या पुसतो. दर गुरुवारी तो इथे येतो. खेळत नाही. तरी बोलिंगचे भाड्याचे बूट घालतो, कारण त्याशिवाय डॉटी कोणाला बसू देत नाही. मग उजवीकडून डावीकडे मला एकदा वाचतो, खिशातलं फडकं काढतो आणि पुसतो.

मित्रांनो, तुमच्याही घरी वर्तमानपत्र येत असेल. वाचून झालं की खुशाल त्यात शेंगा सोला. पण एखाद्या दिवशी ते आलंच नाही, तर बर्फ पडला असेल असं समजू नका. छापखान्याच्या दारापर्यंत जाऊन या. बाहेर कोणीतरी उभं असेल.