फळीवरचं शून्य

ताईने कापड बेतायचं आणि धाकटीने शिवायचं, असा दोघी बहिणींचा तिसऱ्या मजल्यावरचा चाळीस वर्षांचा संसार. लिफ्ट नाही, आणि तिच्यावाचून कधी अडलंही नाही. पण मागच्या वर्षी चढताना अगदी शेवटच्या पायरीला ताईचा पाय अडखळला आणि ती धाकटीच्या डोळ्यांदेखत पडली. मनगट मोडलं. भाच्याने लगेच फर्मान काढलं, मोठ्या आत्याला मी माझ्याकडे तळमजल्यावर नेणार. त्याच्याकडे जागा एकीपुरतीच होती.

रडून-भांडून धाकटीने तीन महिन्यांची मुदत मिळवली: तेवढ्यात ताईचे पाय जिन्याला तयार झाले नाहीत, तरच न्यायचं. व्यायामावर संशोधन करणाऱ्या एक डॉक्टरीणबाई साठीपुढची माणसं शोधत होत्या, तिथे दोघींनी नावं दिली. निम्म्यांनी सावकाश बैठका मारायच्या, चार आकडे मोजत खाली, चार मोजत वर. उरलेल्यांनी खाली सावकाशच जायचं, पण वर येताना उसळायचं, आणि पुढे पुढे तर चक्क उडी. कुणाच्या पायांना जास्त फायदा होतो ते बाई मोजणार होत्या. चिठ्ठ्या टाकल्या आणि नेमकी ताईच्या वाट्याला उडी आली.

धाकटीचं डोकंच फिरलं. जिचं मनगट नुकतं सांधलंय तिने उड्या मारायच्या? तावातावाने जाऊन तिने चिठ्ठ्या बदलायला सांगितल्या. बाई म्हणाल्या, मर्जीने गट बदलले तर सगळी मोजणी पाण्यात जाईल. आणि उडीच्या वेळी धरायला शेजारी माणूस असतोच. धाकटी मनात म्हणाली, बघूच. आपल्या सावकाश बैठका तिने इमानेइतबारे मारल्या. घरी ताई खुर्चीतून ताडकन उठायची तेव्हा मात्र हिच्या काळजाचं पाणी व्हायचं.

शेवटच्या दिवशी आधी पायांचा जोर मोजला. धाकटी ताईच्या बरीच पुढे निघाली आणि तिची कॉलर ताठ झाली. मग उडी. जमिनीत लोखंडी फळी बसवली होती. तिच्यावर उभं राहिलं की पडद्यावर वजनाची रेघ उमटायची. धाकटीने जीव खाऊन जोर लावला, पण टाचांपलीकडे काही फळीवरून उचललं गेलं नाही.

ताई फळीवर चढली. रेघ बावन्न किलोवर स्थिर झाली. ती वाकली तशी रेघ थोडी खाली आली, मग सर्रकन वर चढली आणि एकदम शून्यावर जाऊन टेकली.

शून्य. फळीच्या लेखी ताई तिथे नव्हतीच. धाकटीने दचकून वळून पाहिलं, तोवर ताई परत फळीवर उभी, चष्मा सावरत. बाईंनी रेघ थांबवून दाखवली. शून्याचा तुकडा नखाएवढा होता, सेकंदाचा जेमतेम पाचवा हिस्सा. अडुसष्ट वर्षांची बाई, पडल्यापासून भिंत धरून चाललेली, जमीन सोडून गेली होती आणि आपल्याच पायांवर परत आली होती. धाकटी त्या नखाएवढ्या रेघेकडे बघतच राहिली. तिला हात जोडावेसे वाटले.

"मी होते ती?" ताईने विचारलं.

"तूच," धाकटी म्हणाली.

भाचा रिकामी बॅग घेऊनच आला होता. आता जिना चालेल का, एवढंच त्याने विचारलं. बाई म्हणाल्या, चाळीस जणांचे आकडे जुळवल्याशिवाय कोणत्या बैठका सरस ते मला सांगता येणार नाही, आणि जिन्याची हमी तर मुळीच देणार नाही. मग ठरल्याप्रमाणे नेतोच, असं म्हणून तो दोघींच्या मागे त्यांच्या घराचा जिना चढू लागला.

ताई पुढे होती, एका शर्टाची काजं चुकल्याचं सांगत. शेवटच्या पायरीला तिचा पाय पुन्हा अडखळला. त्याच पायरीला. धाकटीचे ते भक्कम पाय जागच्या जागी थिजले. पण ताईचा दुसरा पाय केव्हाच पुढे जाऊन टेकला होता. कठड्याला हात लागला नव्हता, काजांचं वाक्यसुद्धा मध्ये तुटलं नव्हतं. आपण अडखळलो हे तिच्या गावीही नव्हतं.

भाचा त्या पायरीकडे बघत उभा राहिला. दारात ताईने त्याच्या हातातली बॅग घेतली, उलटसुलट करून पाहिली.

"हिची चेन गेलीय की रे. ठेवून जा. पुढच्या महिन्यात येशील तेव्हा ने."

तो म्हणाला, "बरं, आत्या."

धाकटी जिन्यातच मटकन बसली. आतून ताईने चहाला हाक मारली तेव्हा ती उठली, आणि चार आकडे मोजायचं साफ विसरली.